बोर्डो मिश्रण फाटतं, नोझल चोक होतं, पानं करपतात: दोष नेमका कुठे शोधायचा

पावसाळा लागला की द्राक्षपट्ट्यात तीन तक्रारी हमखास कानावर येतात, मग गाव तासगावकडचं असो, निफाडकडचं की पंढरपूरकडचं. पहिली तक्रार, बॅरलमध्ये बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, फाटतं, खाली चोथा बसतो आणि वर पाणी उरतं. दुसरी, गनचं नोझल दर दोन ओळींना चोक होतं. तिसरी सगळ्यात महागात पडते: फवारणीनंतर दोन-चार दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि पानभर तपकिरी ठिपके उमटतात. विदर्भातले संत्रा बागायतदार आणि कोकण-गोव्यातले सुपारीवाले हेच दुखणं आपापल्या शब्दांत सांगतात. मग दुकानदार म्हणतो पंप जुना झालाय, फवारणारा म्हणतो मोरचूद बोगस आहे आणि शेजारी हवामानाला बोल लावतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा चुन्यात असतं. चुना किती जुना आहे, नीट विरला का, गाळला का, आणि तो किलोवर मोजला की पीएचवर, म्हणजे मिश्रण किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्या आकड्यावर, हे आधी पाहा. मोरचुदाचा नंबर त्यानंतर, पंपाचा सगळ्यात शेवटी.

बॅरलमध्ये काय घडतं

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या निळ्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात, आणि एकूण वजनात तांबं साधारण २५ टक्के. ते पाण्यात सहज विरघळतं आणि द्रावण आम्लधर्मी होतं. तेच द्रावण तसंच पानावर मारलं तर मोकळं तांबं पानाच्या पेशीत शिरतं, आणि बुरशीच्या आधी पानच जळतं. या मोकळ्या तांब्याला बांधून ठेवायला चुना लागतो. दोन्ही नीट एकत्र आले की तांब्याचा अतिसूक्ष्म, बुळबुळीत, आकाशी निळा साका तयार होतो, सोबत थोडा जिप्सम. पानावर वाळल्यावर त्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो पावसातही टिकतो. दव पडलं किंवा पाऊस झाला की त्यातून अगदी थोडं तांबं सुटतं. डाउनीचे, म्हणजे द्राक्षाच्या केवडा रोगाचे, बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्राकडे निघतात, त्यांना मारायला तेवढं पुरतं.

हा शोध लागला फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळ. १८८२ साली तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना मेडॉक भागातल्या एका मळ्यात रस्त्याकडेच्या वेली हिरव्या दिसल्या, आतल्या मात्र डाउनीने पानगळ होऊन उघड्या पडलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचा निळा शिडकावा केलेला होता. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्यासोबत त्यावर काम केलं आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. एवढ्या जुन्या औषधापुढे बुरशी अजूनही हार मानते, कारण तांबं बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. पानाच्या आत शिरून काम करणाऱ्या नव्या आंतरप्रवाही औषधांना डाउनीने कशी हुलकावणी दिली हे बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

आधी चुना तपासा

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हवेतली ओल लागली की तो हळूहळू विरतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून शेवटी पुन्हा चुनखडी होतो. चुनखडी मोरचुदाचं आम्ल नीट मारत नाही, तांब्याचा बारीक साकाही देत नाही. दुकानात उघड्या पोत्यात महिनोन्महिने पडलेला चुना दिसायला पांढराशुभ्र असतो, पण त्यातला कामाचा भाग निम्माही उरलेला नसतो. वजन मात्र तेवढंच भरतं, किंबहुना वाढलेलं असतं. फसगत होते ती इथे.

तपासणी सोपी आहे. चुन्याचा एक खडा लोखंडी घमेल्यात ठेवा, तोंड लांब ठेवून त्यावर थोडं पाणी शिंपडा. ताजी कळी काही मिनिटांत सुसू आवाज करत तडकते, वाफ निघते आणि खडा फुलून त्याचं पीठ होतं. नुसता भिजून तसाच राहिला तर तो चुना घराच्या भिंतीला लावा, बागेला नको. विरलेल्या चुन्याची पूड असेल तर चिमूटभर पूड पाण्यात कालवून त्यावर लिंबू पिळा. भरपूर फेस आला तर ती जवळजवळ चुनखडीच झालेली आहे.

आता प्रमाण. जुन्या पत्रकांत १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी असं छापलेलं असतं आणि बहुतेक जण डोळे झाकून तेच करतात. रसायनाचा हिशेब वेगळं सांगतो. एक किलो मोरचुदातलं सगळं तांबं बांधायला शुद्ध कळीचा चुना लागतो जेमतेम २२५ ग्रॅम. विरवून पूड केलेला शुद्ध चुना असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास. बाजारातला चुना शुद्ध नसतो, म्हणून प्रत्यक्षात कधी ३५० ग्रॅम लागतो, कधी ५०० ग्रॅमवर जातो. चुना चांगला निघाला आणि तरी किलोभर ओतला तर पीएच १२ च्या आसपास पोचतो. तशा मिश्रणाने पान लगेच जळत नाही, पण तांबं घट्ट अडकून पडतं आणि रोगावर काम सुरू व्हायला उशीर होतो. पानांवर पांढरा थर बसतो, नोझलही तोच भरवतो. उलट चुना मेलेला असेल तर किलो घालूनही मोकळं तांबं उरतं आणि पानं करपतात. एकाच गावात, एकाच पत्रकावरून केलेलं मिश्रण एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे बाग भाजतं, त्याचं कारण हे.

म्हणून किलो विसरा आणि पीएच धरा. द्राक्षासाठी ७ ते ८ च्या दरम्यान थांबायचं. सुपारी आणि झाडाच्या खोडासाठी चुना थोडा जास्त झाला तर बिघडत नाही, तिथे पावसात टिकणं जास्त महत्त्वाचं असतं.

चुना विरवताना घाई नको. एक किलो ताज्या कळीच्या चुन्यातून इतकी उष्णता निघते की तीन लिटर पाणी उकळू शकतं. विरवलेला चुना रात्रभर थंड होऊ द्या. गरम चुना मोरचुदात ओतला तर साका काळपट पडतो, कारण तांब्याच्या हायड्रॉक्साइडचं काळं ऑक्साइड होतं, आणि ते पुन्हा निळं होत नाही. थंड झालेला चुना पाण्यात कालवून नायलॉनच्या बारीक जाळीतून किंवा दुहेरी सुती कापडातून गाळा. कापडावर जे खडे आणि कचरा उरतो, तोच तुमच्या नोझलमध्ये अडकणार होता. विरवलेल्या चुन्याचा लगदा झाकणबंद ड्रममध्ये पाण्याखाली ठेवला तर कित्येक महिने ताजा राहतो. हंगामाच्या सुरुवातीला एकदाच असा लगदा करून ठेवणं हा मला सगळ्यात उत्तम मार्ग वाटतो. दरवेळी नवा चुना, नवा अंदाज ही कटकटच संपते.

मोरचूद कसं बनतं आणि त्यात काय निघतं

कारखान्यात तांब्याचं भंगार, म्हणजे जुन्या तारा, पत्रे, कातरण, गरम विरल गंधकाम्लात टाकून त्यातून हवा फुंकतात. नुसतं विरल आम्ल तांब्याला खात नाही, हवेतला ऑक्सिजन सोबत लागतो. तांबं विरघळून द्रावण दाट निळं झालं की ते गाळून थंड करतात आणि निळे स्फटिक खाली बसतात. एक किलो तांब्यापासून जवळपास चार किलो मोरचूद मिळतं. तांबं विजेने शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतूनही ते जोडउत्पादन म्हणून येतं.

दोष दोन ठिकाणी शिरतात. भंगारात लोखंड असेल किंवा कुणी मुद्दाम भेसळ केली असेल, तर मोरचुदात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, मिसळलेलं असतं. आणि स्फटिक नीट धुतले नसतील तर मोकळं गंधकाम्ल चिकटून राहतं. दोन्ही दोष चुना खातात. चांगलं मोरचूद गडद निळं आणि चकचकीत असतं. हिरवी झाक दिसली तर संशय घ्या. खात्री करायची असेल तर चमचाभर मोरचूद काचेच्या ग्लासात विरघळवा, गाळलेला चुना थोडा जास्तच घाला आणि तासभर उघडं ठेवा. शुद्ध मोरचुदाचा साका निळाच राहतो. हिराकस असेल तर मळकट हिरवा दिसतो आणि हवा लागेल तसा वरून गंजासारखा तपकिरी होत जातो.

स्फटिकांवर पांढुरकी पूड दिसली म्हणून माल टाकून देऊ नका. कोरड्या हवेत स्फटिकातलं पाणी उडालं की ती येते. तांबं जागेवरच असतं.

विरघळवण्याची पद्धतही महत्त्वाची. बॅरलच्या तळाशी मोरचूद ओतून काठीने ढवळत बसलं तर तास जातो, कारण दाट द्रावण तळाशीच बसून राहतं आणि खड्यांपर्यंत नवं पाणी पोचत नाही. त्याऐवजी मोरचुदाची सैल पुरचुंडी बांधून ती पाण्याच्या वरच्या थरात टांगा. जड निळं द्रावण आपोआप खाली उतरतं आणि पुरचुंडीला सतत हलकं पाणी मिळतं. रात्री टांगली की सकाळी फडकं रिकामं. उभं राहून पाहिलं तर पुरचुंडीखालून निळ्या धारा सरळ तळाकडे जाताना स्पष्ट दिसतात.

भांडं प्लास्टिकचं घ्या. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप, अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. तांबं द्रावणातून सुटून लोखंडावर चढतं, लोखंड द्रावणात जातं, म्हणजे पिंपाला भोक आणि औषधात हिराकस. काठीही लाकडी किंवा पीव्हीसी पाइपची.

मिसळणं: कशात काय ओतायचं

यावरून वाद खूप होतात. मोरचूद चुन्यात ओता, चुना मोरचुदात ओतू नका, असं काही जण शपथेवर सांगतात. फ्रान्समध्ये नेमका उलटा आग्रह धरणारे आहेत. माझ्या मते खरी अट दुसरीच आहे: दोन्ही द्रावणं पातळ हवीत, थंड हवीत आणि ढवळणं थांबता कामा नये. ५० लिटर पाण्यात मोरचूद, ५० लिटरमध्ये चुना, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बॅरलमध्ये ओतायचं, ही पद्धत सगळ्यात निर्धोक आहे. पाच लिटर दाट मोरचूद आणि पाच लिटर दाट चुना आधी मिसळून मग वरून नव्वद लिटर पाणी घातलं, तर कण मोठे आणि रवाळ होतात. नंतर कितीही पाणी घाला, ते बारीक होत नाहीत. मिश्रण फाटलं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

पीएचवर थांबायचं असल्यामुळे चुन्याचा शेवटचा चौथा हिस्सा मागे ठेवा. तीन हिस्से घातल्यावर पीएच पाहा, मग लोटा-लोटा करून चुना वाढवा. प्रत्येक वेळी ढवळून पाच-दहा मिनिटं थांबा. चुना हळू विरघळतो, त्यामुळे लगेच घेतलेलं माप खरं नसतं. सहा दिसलं म्हणून आणखी चुना ओतला की दहा मिनिटांनी ते नऊच्या वर गेलेलं असतं.

पीएच कागद घ्यायचा तर ६ ते ८ मध्ये अर्ध्या अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारा घ्या. १ ते १४ दाखवणाऱ्या कागदावर निळ्या गढूळ मिश्रणात रंग वाचता येत नाही. मिश्रण थोडं बसू द्या, वरच्या निवळ पाण्यात कागद बुडवा. कागदाची डबी औषधाच्या खोलीत उघडी पडलेली असेल तर कागद निकामी समजा. पीएच मीटर वापरत असाल तर प्रत्येक मापानंतर त्याचं टोक स्वच्छ पाण्याने धुवा, कारण साका त्यावर चढतो आणि आकडा एकाच जागी अडकून बसतो.

जुनी विळ्याची परीक्षाही कामाची आहे. विळ्याचं पातं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, मिश्रणात दोन-तीन मिनिटं धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. पण या परीक्षेची मर्यादा ओळखा. चुना कमी आहे एवढंच ती सांगते, जास्त झाला तर पातं गप्प राहतं. स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर तर ती करूच नये.

शेवटी काचेच्या उंच बरणीत मिश्रण भरून बांधावर ठेवा. चांगलं बोर्डो आकाशी निळं दिसतं आणि अर्ध्या तासानेही वर निवळ पाण्याची जेमतेम बोटभर पट्टी दिसते. पाच मिनिटांत निम्मी बरणी पाणी आणि खाली जाड गाळ असं झालं तर ते फवारू नका. चुना कमी असेल तर पीएच सुधारून वाचवता येतं. रवाळ झालेलं मिश्रण वाचत नाही.

केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. ठेवल्यावर कण आपोआप मोठे होत जातात आणि चिकटण्याची ताकद जाते. सकाळी केलेलं दुपारपर्यंत संपेल एवढंच करा, फार तर मोरचूद आणि चुना वेगवेगळे तयार ठेवा. ते दोन्ही वेगळे असताना बिघडत नाहीत.

एवढं करूनही नोझल चोक

मिश्रण चांगलं असेल तर आता पंपाकडे वळा. एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या बायपासची (जादा पाणी परत सोडणारी) नळी बॅरलमध्ये तळापर्यंत सोडा, म्हणजे परतणारं पाणीच ढवळण्याचं काम करतं. नळी वरच्यावर लोंबत ठेवली की फेस होतो आणि तळ तसाच बसतो. सक्शनची जाळी तळापासून चार बोटं वर ठेवा. फवारणी संपल्याबरोबर स्वच्छ पाणी पंपातून फिरवा. वाळलेला बोर्डो नुसत्या पाण्याने सुटत नाही. नोझल आणि जाळी व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून जुन्या दातघासणीने घासली की साफ होतात. चोक झालेलं नोझल तोंडाने फुंकून साफ करण्याची सवय अनेकांना आहे. ती आजच बंद करा.

मिश्रण बरोबर, तरी पानं करपली

पहिली शंका हवेची. ढगाळ, थंड, दमट दिवशी पान तासनतास ओलं राहतं आणि ओल्या पानावर साक्यातून तांबं जास्त सुटतं. सकाळी दव असताना फवारणी करू नका. पान कोरडं झाल्यावर आणि संध्याकाळच्या आत वाळेल अशा बेताने मारा. कोवळी फूट तांब्याला फार नाजूक असते, म्हणून द्राक्षात बोर्डो पक्व पानांवर, फळ नसताना शोभतं. मण्यांवर निळे डाग राहिले की माल उठत नाही.

दुसरी शंका टाकीतल्या सोबत्याची. बोर्डोमध्ये दुसरं काही मिसळू नका. त्यातल्या अल्कधर्मी पाण्यात बरीच कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं तुटतात. फोसेटिल एएल आणि फॉस्फोरस आम्लाचे क्षार यांच्याबाबत जास्त काळजी घ्या. ती आम्लधर्मी औषधं पानावर बसलेलं तांबं मोकळं करतात आणि पान भाजतं. बोर्डोनंतर लगेच ती फवारली तरी तेच होतं. मधलं अंतर औषधाच्या लेबलवर पाहा.

आणि पान छान राहिलं पण डाउनी आलीच, अशी तक्रार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. तांबं पानाच्या आत शिरून रोग बरा करत नाही, रोग येण्याआधी पहारा देतं. तेलकट डाग दिसू लागल्यावर मारलेला बोर्डो त्या डागांवर काम करत नाही. पानाच्या खालच्या बाजूला पोचला नसेल तरीही तो वाया जातो, कारण डाउनी खालून शिरते. फवारणीनंतर निघालेल्या नव्या पानावर तांबं नसतंच.

पेस्ट आणि सुपारी

संत्रा-मोसंबीच्या खोडाला डिंक्यासाठी लावायची १० टक्के पेस्ट म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. इथे पातळ द्रावणांचा नियम पाळता येत नाही आणि गरजही नाही, कारण नोझल मध्ये येत नाही. डिंक येणारी साल खरवडून काढा, मग जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ब्रशने लावा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. सुपारीच्या कोळेरोगावर, म्हणजे पावसाळ्यात फळं सडवणाऱ्या रोगावर, १ टक्का बोर्डो मृग बरसायच्या आधी घोसांवर पडला पाहिजे आणि पुढची फवारणी साधारण ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास कोळेरोगाचा अभ्यास करून हाच मार्ग सुचवला होता, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना तो आजही चालतो. पहिला पाऊस पडून घोस ओले झाल्यावर घाई करणाऱ्यांनाच तो लागू पडत नाही.

डोळे, पोट, फुप्फुस

हे खत नव्हे, हे विसरून चालत नाही. मोरचुदाचा कण किंवा दाट थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. चुना त्याहून घातक आहे, कारण अल्कली डोळ्यात खोलवर उतरत जाते. विरवताना उसळलेला चुना तोंडावर उडतो, म्हणून बंद गॉगल, रबरी हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय घमेल्याजवळ जाऊ नका. पाण्यात चुना थोडा थोडा टाका. चुन्याच्या ढिगावर एकदम बादलीभर पाणी ओतू नका. डोळ्यात गेलंच तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. दूध, तूप, मध यांत वेळ घालवू नका.

पोटात गेलं तर तोंडाला धातूची चव येते, निळसर-हिरवी उलटी होते, पोटात आग पडते. त्यानंतरचा धोका मोठा: रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-काळसर होते, यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मुद्दाम उलटी करायला लावू नका. तोंड धुवा आणि मोरचुदाचं पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. मोरचुदाचं निळं द्रावण सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच, अगदी दहा मिनिटांसाठीही, भरू नका. मुलांना तो रंग ओढून घेतो.

रोजच्या फवारणीचं तुषार श्वासात जातं, त्याची किंमत उशिरा कळते. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या द्राक्ष कामगारांच्या फुप्फुसांत तांब्याचे साठे आणि गाठी असल्याची नोंद केली. आपल्याकडे गन धरणारा माणूस मांडवाखाली उभा राहून वर फवारतो, म्हणजे सगळं तुषार त्याच्याच तोंडावर येतं. तोंडाला गुंडाळलेलं उपरणं ओलं झालं की काही अडवत नाही. त्याला चांगला मास्क देणं ही बागमालकाची जबाबदारी आहे.

मेंढ्यांचं मला खास सांगायचं आहे. गुरांच्या आणि मेंढ्यांच्या खुरीच्या रोगावर ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यातून पाय चालवून नेतात, त्यामुळे मेंढपाळाला ते औषधच वाटतं. पण पोटात गेलेल्या तांब्याला मेंढी इतर जनावरांच्या मानाने फार हळवी आहे. ते तिच्या यकृतात साठत जातं, आणि एक दिवस अचानक रक्त फुटून लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात, मेंढी दगावते. तोवर कळत काहीच नाही. खतासाठी बागेत मेंढ्या बसवणाऱ्यांनी बोर्डो मारल्यावर ओळींमधलं गवत त्यांना खाऊ देऊ नये, आणि मेंढपाळाला फवारणीची तारीख स्वतःहून सांगावी. उरलेलं खुरांचं पाणीही त्यांच्या तोंडी लागता कामा नये.

उरलेलं मिश्रण आणि जमिनीतलं तांबं

तळाचं उरलेलं मिश्रण, पंप धुतलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात, शेततळ्यात सोडू नका. मासे तांब्याच्या अगदी थोड्या अंशानेही मरतात. धुतलेलं पाणी बागेतच ओळींवर पातळ पसरवा. मोरचुदाचं नुसतं द्रावण उरलं तर ते झाकून ठेवून पुढच्या वेळी वापरा. टाकायचीच वेळ आली तर आधी चुना घालून सगळं तांबं साक्यात उतरू द्या.

तांबं जमिनीत जिरून नाहीसं होत नाही. ते वरच्या थरात साठत राहतं, आणि वाढलं की गांडुळं कमी होतात, मुळं आखडतात. एकरी ४०० लिटर पाण्यात १ टक्का बोर्डो मारला तर ४ किलो मोरचूद, म्हणजे एका फवारणीत १ किलो तांबं. हेक्टरचा हिशेब अडीच किलोवर जातो. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो अशी घातली आहे. आपल्या दोन पूर्ण फवारण्या वर्षाची ही सरासरी ओलांडतात. पक्व पानांवर पाऊस कमी असताना अर्धा टक्का बोर्डो पुरतो, तिथे सवयीने एक टक्का मारू नका. माती तपासायला द्याल तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांब्याचा आकडा मागून घ्या आणि दरवर्षीच्या अहवालातला आकडा एका वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा.